हार्ड डिस्कचा सातबारा : पहिल्या लिनक्सच्या आधी

मंडळी, लिनक्स इन्स्टॉल करायला साधारण अर्धा तास लागतो, आणि त्यातला बराचसा वेळ नुसतं स्क्रीनकडे बघण्यात जातो. भाषा निवडा, कीबोर्ड निवडा, टाइमझोन कोलकाता ठेवा, पासवर्ड द्या... यातलं काहीही चुकलं तरी नंतर बदलता येतं. एकच स्क्रीन अशी येते की तिथे चुकलं तर नंतर बदलायला काही उरतच नाही. ती म्हणजे पार्टिशनची स्क्रीन. आणि नेमकी तीच स्क्रीन आपली पोरं "नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश" च्या तालात पार करतात!

विंगमध्ये लिनक्स टाकायचं म्हटलं की मला हाक मारली जाते. यंदा हाका जरा जास्तच आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट संपला, आणि ज्यांची मशीन विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत त्यांना लिनक्सची आठवण झाली. इन्स्टॉलेशन मी कोणालाही करून देईन, पण पार्टिशन ज्याचं त्याला समजलं पाहिजे असं माझं मत आहे. म्हणून हा लेख. स्टाफरूममधल्या ज्या सरांनी आणि मॅडमनी "सुट्टीत बघू" म्हणून पेन ड्राइव्ह ड्रॉवरमध्ये ठेवून दिलाय, त्यांच्याही उपयोगी पडावा.

पार्टिशन म्हणजे काय हे पुस्तकात वाचून डोक्यात शिरत नाही, पण आपल्यापैकी अर्ध्याअधिक लोकांच्या घरी सातबारा आहे. हार्ड डिस्क म्हणजे जमीन. तिच्यावर प्रत्यक्ष कुठे भिंत नसते. हा तुकडा सी ड्राइव्हचा, तो डी ड्राइव्हचा, कुठून सुरू, कुठे संपला, हे सगळं फक्त एका कागदावर असतं. तो कागद म्हणजे पार्टिशन टेबल. कागदावरून नाव गेलं म्हणजे पीक लगेच जळत नाही, ते तिथेच उभं असतं; पण मालक कोण हे कॉम्प्युटरला कळेनासं होतं. फॉर्मॅट करणं म्हणजे त्या तुकड्यात नव्या मालकाने नांगर घालणं. आणि पार्टिशन लहान करणं म्हणजे बांध सरकवणं. बांध सरकवताना पलीकडचं पीक आधी आत घ्यावं लागतं, नाहीतर काय होतं ते गावाकडच्यांना सांगायला नको.

हा कागद दोन प्रकारचा असतो. जुना एमबीआर, १९८३ च्या पीसी डॉस २.० बरोबर आलेला. डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये सगळा कारभार : ४४६ बाइट बूट कोड, ६४ बाइट टेबल आणि शेवटचे २ बाइट सही-शिक्का. टेबलातली एक नोंद १६ बाइटची, म्हणजे ६४ मध्ये बसणार चारच. म्हणून प्रायमरी पार्टिशन चारच करता येतात (ओरलला "चारच का?" विचारलं तर हा भागाकार करून दाखवा, एक्स्टर्नल खूश होतील). पाचवं हवं असेल तर चारातलं एक एक्स्टेंडेड करायचं आणि त्याच्या पोटात लॉजिकल पार्टिशन पाडायची. हे आपले पोटहिस्से. लिनक्समध्ये या पोटहिश्शांचे नंबर नेहमी ५ पासून सुरू होतात, मग प्रायमरी एकच असलं तरी. शिवाय सेक्टरचा नंबर ३२ बिटांत लिहिलेला असल्यामुळे साधारण २ टीबीच्या पुढची जमीन या कागदावर मावत नाही.

नवा प्रकार जीपीटी. हा तो उत्तरं लिहून देणारा नव्हे! जीयूआयडी पार्टिशन टेबल. यात साधारणपणे १२८ नोंदींची जागा असते, पोटहिश्शांची भानगड नाही, आणि मुख्य म्हणजे कागदाची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. पहिली प्रत खराब झाली तर दुसरीवरून दुरुस्त करता येते. विंडोज ११ सह आलेल्या लॅपटॉपवर जीपीटीच असतं. तुमच्याकडे काय आहे ते डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्कवर राइट क्लिक करून, प्रॉपर्टीजच्या व्हॉल्यूम्स टॅबमध्ये दिसतं.

आता तिथेच थांबून आपली डिस्क नीट बघा. "माझ्याकडे फक्त सी ड्राइव्ह आहे" असं म्हणणाऱ्याच्या लॅपटॉपवरही सहसा तीन-चार पार्टिशन निघतात. सगळ्यात आधी १०० किंवा २६० एमबीचं एक छोटं पार्टिशन, ईएफआय सिस्टिम नावाचं. ते फॅट३२ असतं आणि मशीन सुरू करणारी फाइल त्यात राहते. मग १६ एमबीचं एक राखीव पार्टिशन, जे डिस्क मॅनेजमेंट दाखवतही नाही. मग सी. आणि शेवटी रिकव्हरी. आमच्याकडे एकाने "एवढ्याशा २६० एमबीचं काय लोणचं घालायचंय" म्हणून ईएफआय उडवलं होतं. दुसऱ्या दिवशी ना विंडोज ना लिनक्स. त्या एवढ्याशा तुकड्यावरच गेटची किल्ली टांगलेली असते. विंडोज आणि लिनक्स दोघंही तेच ईएफआय पार्टिशन गुण्यागोविंदाने वापरतात, प्रत्येकाचं फोल्डर वेगळं. लिनक्ससाठी ते फक्त दाखवायचं, फॉर्मॅट करायचं नाही.

वही घ्या आणि डिस्कचं चित्र काढा. खरंच काढा. एक लांब चौकट, त्यात क्रमाने तुकडे, प्रत्येकाखाली आकार. इन्स्टॉलरमध्ये सी, डी ही नावं दिसणार नाहीत. तिथे एनव्हीएमई शून्य एन एक, पी एक, पी दोन, किंवा एसडीए एक, एसडीए दोन अशी नावं असतील. ओळख पटवायला तुमच्याकडे आकार आणि क्रम एवढंच असणार. आकारातही एक गोम आहे. डब्यावर ५१२ जीबी लिहिलेली डिस्क विंडोजला ४७६ जीबी दिसते. दुकानदाराने फसवलेलं नाही. कंपनी १००० च्या हिशोबाने मोजते, विंडोज १०२४ च्या. काही लिनक्स इन्स्टॉलर कंपनीसारखे मोजतात. म्हणजे तुम्ही विंडोजमध्ये १०० जीबी मोकळे केले असतील तर तिथे १०७ दिसतील. हे आधी माहीत नसेल तर "हे सात जीबी कुणाचे?" म्हणून घाम फुटतो.

आता बॅकअप. हा शब्द आला की सगळे पान उलटतात, म्हणून जरा थांबून सांगतो. शेजारच्या विंगमधल्या फायनल इयरच्या एका मित्राने सबमिशनच्या आदल्या आठवड्यात स्वतःच लिनक्स टाकलं. इन्स्टॉलरने विचारलं, "डिस्क इरेज करून इन्स्टॉल करू?" त्याला वाटलं, इरेज म्हणजे रिकामी जागा साफ करणार असेल. रात्री अकराला मला बोलावलं. मी टेस्टडिस्क नावाचं प्रोग्रॅम घेऊन बसलो. हरवलेली पार्टिशन शोधणारं हे फार गुणी सॉफ्टवेअर आहे. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर अशा वेळी अर्धं-पाऊण तरी परत मिळण्याची आशा असते, कारण कागद फाडला तरी पीक उभं असतं. पण त्याची एसएसडी होती. लिनक्स एक्स्ट४ फॉर्मॅट करताना एसएसडीला कळवून टाकतं की या सगळ्या जागेची आता गरज नाही, आणि एसएसडी ती जागा आतून मोकळी करायला घेते. म्हणजे नांगर, वखर, सगळं काही सेकंदांत. पहाटे चारपर्यंत टेस्टडिस्क चाललं आणि एकही फाइल हाती आली नाही. प्रोजेक्टचा कोड त्याच्या पार्टनरकडे होता म्हणून तो वाचला. रिपोर्ट त्याने पुन्हा टाइप केला. पण त्याच डिस्कवर त्याच्या आजोबांचे शेवटच्या दिवाळीचे फोटो होते. ते कुणाकडेच नव्हते.

तेव्हा जुन्या सीनियर्सचं "काही झालं तर रिकव्हर करू" हे वाक्य एसएसडीच्या बाबतीत विसरा. बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घ्यायचा, त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हवर नाही. आणि कॉपी झाली एवढ्यावर विश्वास न ठेवता रूममेटच्या लॅपटॉपवर चार फाइली उघडून बघायच्या. मग ती एक्स्टर्नल डिस्क यूएसबीमधून काढून कपाटात ठेवायची. इन्स्टॉल करताना ती लावलेली राहिली तर यादीत तीही दिसते, आणि घाईत तीच निवडली जाऊ शकते.

विंडोजमध्ये उरकायची कामं

पहिलं काम एन्क्रिप्शनचं. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर आपोआप चालू असतं आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. बूटची व्यवस्था बदलली की मशीन सुरू होताना ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. की नसेल तर सी ड्राइव्ह बंद तिजोरी. ही की ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला त्या अकाउंटमध्ये असते. आता आठवून बघा, ते अकाउंट कुणाचं होतं? तुमचं, दादाचं, की दुकानात बसवून देणाऱ्या माणसाचं? दुकानातल्याचं असेल तर आज फोन करा. की कागदावर उतरवा, लॅपटॉपमध्येच सेव्ह करून काय उपयोग! किंवा सेटिंग्जमध्ये जाऊन एन्क्रिप्शन बंद करा आणि डिक्रिप्शन पूर्ण होईपर्यंत थांबा, मध्येच पुढे जाऊ नका.

दुसरं, फास्ट स्टार्टअप. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, शटडाउन केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं. त्या अवस्थेत लिनक्सने सी ड्राइव्हला हात लावणं म्हणजे झोपलेल्या माणसाच्या खिशातल्या वस्तू हलवणं. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ते बंद करा.

तिसरं, बांध सरकवणं. विंडोजचं पार्टिशन विंडोजमधूनच लहान करावं या मताचा मी आहे. लिनक्सचं जीपार्टेडही ते करू शकतं, पण ज्याचं पीक त्यालाच कुठे काय लावलंय ते जास्त ठाऊक. स्टार्टवर राइट क्लिक, डिस्क मॅनेजमेंट, सीवर राइट क्लिक, श्रिंक व्हॉल्यूम. आकडा एमबीमध्ये द्यायचा : १०० जीबीसाठी १०२४००. इथे बरेच जण अडकतात. तीनशे जीबी मोकळे असताना विंडोज म्हणतं, अकरा जीबीच देतो. कारण पेज फाइल, हायबरनेशनची फाइल, सिस्टिम रिस्टोअरचा साठा अशा काही फाइली चालू विंडोजमध्ये जागेवरून हलत नाहीत. शेताच्या मध्येच विहीर असेल तर बांध तिच्या अलीकडे कसा आणणार? हायबरनेशन आणि सिस्टिम रिस्टोअर तात्पुरतं बंद करा, पेज फाइल "नो पेजिंग फाइल" करा, रीस्टार्ट करा आणि पुन्हा श्रिंक करून बघा. काम झालं की पेज फाइल आणि रिस्टोअर परत चालू.

जागा मोकळी झाली की काळ्या पट्टीत "अनअलोकेटेड" दिसेल. तिला तशीच राहू द्या. पट्टी रिकामी दिसते म्हणून तिथे न्यू सिंपल व्हॉल्यूम करून ई ड्राइव्ह बनवायची हौस आवरा. जुन्या एमबीआर डेस्कटॉपवर तर आणखी एक सापळा आहे. चारही प्रायमरी भरलेली असताना नवीन पार्टिशन करायला गेलं की विंडोज विचारतं, डिस्क डायनॅमिक करू का? नाही म्हणा. होकार दिलात तर लिनक्सचं काम विनाकारण अवघड होऊन बसतं.

किती तुकडे करायचे?

यावर हॉस्टेलमध्ये दोन लिनक्सवाले भेटले की तीन मतं ऐकू येतात. आधी एक फरक लक्षात घ्या. विंडोजमध्ये सी, डी, ई ही वेगवेगळी घरं, प्रत्येकाचं दार वेगळं. लिनक्समध्ये एकच वाडा असतो आणि एकच दिंडीदरवाजा, त्याला रूट म्हणतात, खूण '/'. बाकीची पार्टिशन ही त्याच वाड्यातल्या खोल्या. कुठलं पार्टिशन कुठल्या खोलीत बसवायचं ते सांगणं म्हणजे माउंट पॉइंट देणं. '/होम' ही तुमची खोली : कागदपत्रं, फोटो, कोड, सेटिंग्ज.

जुन्या नोट्समध्ये (आमच्या लॅबच्या फाइलमध्ये आजही एक झेरॉक्स आहे) बूट वेगळं, यूएसआर वेगळं, व्हार वेगळं, टेम्प वेगळं, आणि स्वॅप रॅमच्या दुप्पट, असं सात तुकड्यांचं कोष्टक सापडतं. ते सर्व्हरसाठी आणि वेगळ्या काळासाठी होतं. १२८ एमबी रॅमच्या मशीनला २५६ एमबी स्वॅप ठीक होता. ८ जीबी रॅमला १६ जीबी स्वॅप देऊन एसएसडी का अडवायची? उबुंटूने १७.०४ आवृत्तीपासून वेगळं स्वॅप पार्टिशन सोडून साधी स्वॅप फाइल धरली. फेडोराने ३३ पासून, म्हणजे २०२० पासून, रॅममध्येच दाबून ठेवण्याची झेडरॅमची पद्धत घेतली. लिनक्सला हायबरनेट करायचं असेल तरच साधारण रॅमएवढा स्वॅप लागतो. पहिल्या खेपेला त्या फंदात पडू नका.

मी १०० जीबीचे दोनच तुकडे करतो : रूटला ५०, होमला ५०. उबुंटू डेस्कटॉप स्वतःसाठी २५ जीबी मागतं, पण २५ वर बसवलेलं रूट दोन सेमिस्टरमध्ये भरतं. डॉकरच्या इमेज, स्नॅप, फ्लॅटपॅक हे सगळं रूटमध्येच साठतं, होममध्ये नाही. आणि होम वेगळं का? कारण पहिल्या वर्षात तुम्ही दोन-तीनदा लिनक्स पुन्हा टाकणार, हे मी लिहून देतो. ग्राफिक्स ड्रायव्हर बिघडेल, कुणीतरी मिंट चांगलं म्हणेल, कुणी फेडोरा. होम वेगळं असेल तर दर वेळी फक्त रूट फॉर्मॅट करायचं, होमला माउंट पॉइंट द्यायचा आणि फॉर्मॅटची खूण काढायची. फाइली जागेवर. एकच तुकडा करणाऱ्यांचंही चूक नाही. त्यांचं म्हणणं, एकीकडे जागा संपते आणि दुसरीकडे पडून राहते. खरं आहे. जागा पन्नासच जीबी असेल तर मीही एकच तुकडा करीन.

फाइल सिस्टिम एक्स्ट४ घ्या. डिसेंबर २००८ च्या २.६.२८ कर्नलपासून ती स्थिर मानली गेली आणि आजपर्यंत मुरलेली आहे. तिच्यात जर्नल असतं, म्हणजे बदल आधी कच्च्या वहीत टिपून मग पक्क्यात चढवतात. लिहिता लिहिता लाइट गेली तर उठल्यावर कच्ची वही बघून हिशोब जुळवता येतो. यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवाल्यांना याची किंमत कळेल. लिनक्स विंडोजची एनटीएफएस वाचतं आणि लिहितं, पण विंडोजला एक्स्ट४ सरळ दिसत नाही. दोन्हीकडून लागणारं सामान एनटीएफएसवरच ठेवा.

आता ती स्क्रीन

पेन ड्राइव्हवरून बूट केल्यावर लगेच इन्स्टॉल करू नका, आधी "ट्राय" मध्ये जा. वायफाय चालतंय का बघा. टर्मिनल उघडून एलएसबीएलके ही कमांड द्या (इंग्रजी स्मॉल अक्षरांत). डिस्क आणि पार्टिशनची यादी येईल. ती वहीतल्या चित्राशी ताडून बघा. पेन ड्राइव्हही यादीत असेल, आकारावरून ओळखा. आतली डिस्क दिसतच नसेल तर बहुधा बायोसमध्ये इंटेलचं आरएसटी किंवा व्हीएमडी चालू आहे. ते तिथल्या तिथे बंद केलंत तर लिनक्सला डिस्क दिसेल पण विंडोज उठणार नाही. विंडोजला आधी सेफ मोडमधून या बदलासाठी तयार करावं लागतं. अशा वेळी पुढे जाऊ नका, मला किंवा आणखी कुणा जाणकाराला हाक मारा.

डिस्क दिसली की इन्स्टॉलरमध्ये मॅन्युअल पार्टिशनिंगचा पर्याय घ्या. वेगवेगळ्या डिस्ट्रोत नाव थोडं वेगळं असतं. "अलाँगसाइड विंडोज" चा सोपा पर्यायही वाईट नाही, पण तो काय करणार हे समजलेल्यानेच वापरावा. "फ्री स्पेस" वर क्लिक करून ५० जीबी, एक्स्ट४, माउंट पॉइंट '/'. उरलेल्या फ्री स्पेसवर एक्स्ट४, '/होम'. मग ते छोटं ईएफआय पार्टिशन निवडून माउंट पॉइंट '/बूट/ईएफआय', आणि फॉर्मॅटची खूण नाही म्हणजे नाही. माउंट पॉइंट टाइप करताना अर्थातच इंग्रजी स्मॉल अक्षरं.

यानंतर इन्स्टॉलर एक यादी दाखवतो : कोणती पार्टिशन नव्याने होणार, कोणती फॉर्मॅट होणार. ही यादी मोठ्याने वाचा, शेजारी रूममेटला चित्राची वही घेऊन बसवा. फॉर्मॅटच्या यादीत तुमची दोन नवी पार्टिशन सोडून तिसरं नाव दिसलं तर बॅक. बहुतेक इन्स्टॉलरमध्ये इथपर्यंत डिस्कवर काहीही लिहिलेलं नसतं. मशीन बंद केलंत तरी विंडोज जसंच्या तसं उठेल. या यादीवर होकार दिला की मात्र कागदावर शाई पडली. लॅपटॉपला चार्जर लावलाय ना, एवढं बघून मग होकार द्या.

लिनक्स नकोसं झालं तर? जीपीटी-यूईएफआय मशीनवर बायोसच्या बूट ऑर्डरमध्ये विंडोज बूट मॅनेजर वर आणा, विंडोज उठतंय ना बघा आणि मग डिस्क मॅनेजमेंटमधून लिनक्सची दोन पार्टिशन काढा. जुन्या एमबीआर मशीनवर मात्र क्रम उलटा झाला तर फसगत होते. तिथे पहिल्या सेक्टरमध्ये ग्रब बसलेला असतो आणि त्याचं उरलेलं सामान लिनक्सच्या पार्टिशनमध्ये. आधी पार्टिशन उडवलंत तर पुढच्या वेळी काळ्या स्क्रीनवर "ग्रब रेस्क्यू" एवढंच दिसेल. म्हणून आधी विंडोजच्या डीव्हीडीने किंवा पेन ड्राइव्हने बूट करून रिकव्हरीच्या कमांड प्रॉम्प्टमधून एमबीआर पुन्हा लिहून घ्या, मगच पार्टिशनला हात लावा.

रविवारी दुपारी मेस झाल्यावर मी खोलीवर असतो. येताना चित्राची वही, कागदावरची ४८ आकडी की आणि बॅकअपची डिस्क घेऊन या. पेन ड्राइव्ह माझ्याकडे आहे.